उरलेल्या खाकी कागदावर आजी

दोस्तांनो, वह्या-पुस्तकांना कव्हरं घालून उरलेला खाकी कागद फेकून देऊ नका. त्याची एक बाजू गुळगुळीत असते, दुसरी जराशी खरखरीत. आपल्याला खरखरीत हवी. सोबत एक ४बी पेन्सिल, एक पांढरी पेन्सिल आणि शांत बसेल असं घरातलं माणूस. (आजीला विचारा. धाकट्या भावाला विचारून उपयोग नाही!)

आजीला खिडकीपाशी बसवा, खोलीतला दिवा बंद करा. आता डोळे किलकिले करून बघा. बारीकसारीक सुरकुत्या दिसेनाशा होतात आणि उरतात उजेडाचे अन् सावलीचे मोठे तुकडे. आधी हलक्या रेषेने तेवढेच आखून घ्या.

पांढऱ्या कागदावर आपण सावली तेवढी काढतो, उजेड म्हणजे कोरा कागद. खाकी कागद मात्र मधला. ना उजेड, ना सावली. म्हणून सावलीला काळी पेन्सिल, थेट उजेडाला पांढरी आणि मधल्या भागाला हातच लावायचा नाही. हेच अवघड! मी पहिल्यांदा आजोबांचं चित्र काढलं, तेव्हा पांढऱ्याचा मोह आवरेना. आजोबा पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसू लागले. वरून काळी पेन्सिल फिरवली, तर चेहऱ्यावर नुसता राखाडी चिखल.

जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर याने १५०८ साली प्रार्थनेसाठी जोडलेले दोन हात काढले. कागद निळा. सावलीत कुंचल्याने ओढलेल्या गडद शाईच्या रेघा, उजेडात पांढऱ्या रेघा आणि मधे निळा कागद तसाच सोडलेला. फ्रँकफुर्टच्या एका चर्चसाठी करायच्या मोठ्या चित्राची ही नुसती तयारी होती. त्या चित्राचा मुख्य भाग १७२९ साली आगीत जळाला. तयारीचा कागद मात्र व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात आजही आहे.

तर, पुन्हा आजीकडे. तिचे केस पांढरे, म्हणून सगळीकडे पांढरी पेन्सिल? थांबा. सावलीतले केस आणि उजेडातलं कपाळ ताडून बघा. बहुतेक वेळा कपाळच जास्त उजळ निघेल! पांढऱ्या पातळाच्या सावलीतल्या चुण्यासुद्धा काळ्या पेन्सिलीनेच काढायच्या. आपण केसांचा किंवा पातळाचा रंग काढत नाही आहोत, त्यांच्यावर पडलेला उजेड काढतो आहोत.

सगळ्यात शेवटी चमकणारी जागा शोधा. नाकाचा शेंडा, चष्म्याची कड. तिथे पांढरी पेन्सिल दाबून एकच ठिपका द्या. आणि मग आजीला उठू द्या, पाय अवघडले असतील तिचे.