सत्तावन्न किलोंचा मान
लेखमाला : नीरेकाठचे खेळ – भाग 6

बारामती आणि क्रिकेट म्हटलं की शरद पवारांचं नाव निघतं. 2005 ते 2008 बीसीसीआयचे अध्यक्ष, 2010 ते 2012 आयसीसीचे. पण या घराण्यात भारताची टोपी होती ती सासरकडची, हे फार जणांना ठाऊक नसतं. पवारांच्या पत्नी प्रतिभाताईंचे वडील सदाशिव ऊर्फ सदू शिंदे लेगस्पिनर होते. सात कसोटी, बारा बळी. त्यातले सहा एकाच डावात, 1951 साली दिल्लीला इंग्लंडविरुद्ध, 91 धावा देऊन. 1955 मध्ये एकतिसाव्या वर्षी विषमज्वरानं ते गेले. जावयाचं तोंड पाहायचं राहूनच गेलं.

1952 च्या उन्हाळ्यात शिंदे भारतीय संघाबरोबर इंग्लंडच्या दौऱ्यावर होते. 19 जुलैला मँचेस्टरला आपला संघ एकाच दिवसात दोनदा गारद झाला, 58 आणि 82. त्यानंतर चारच दिवसांनी, 23 जुलैला, हेलसिंकीत कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक घेतलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्याच दिवशी हॉकीचं सुवर्ण आलं आणि देशाचं कौतुक तिकडे वळलं.

खाशाबा हेलसिंकीला गेले ते वर्गणीवर. गावानं पैसे जमवले. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. देशासाठी खेळायला निघालेल्या माणसाच्या मागे उभी होती ती ओळखीची माणसं. आणि परत आल्यावर हे कर्ज फेडलं कसं? कुस्त्या भरवून. देशाच्या पदकाची उधारी गावच्या मातीनं चुकती केली. आपल्याकडच्या खेळाडूची ओढ समजून घ्यायची तर मला या व्यवहारापासूनच सुरुवात करावीशी वाटते.

इंदापूर-बारामतीच्या कुठल्याही जत्रेतला आखाडा बघा. उन्हं कलली की हलगी कडाडते. पोरांच्या जोड्या आधी, नारळावर, नाहीतर वीस-पन्नास रुपयांवर. कुस्ती मारलेलं पोरगं अंगाची माती तशीच घेऊन कडेकडेनं फिरतं, बसलेली माणसं दहा-दहाच्या नोटा हातावर ठेवतात, एखादा म्हातारा पाठ थोपटून कुणाचा रं तू, असं विचारतो. या प्रश्नाचं उत्तर म्हणजे गाव, तालीम आणि वस्ताद. तिथं पैलवान खेळतो तो त्या नावासाठी. दिवस मावळेपर्यंत इनाम चढत जातं आणि शेवटच्या कुस्तीला दोन धिप्पाड गडी उतरतात. गर्दी थांबलेली असते ती त्यांच्यासाठी.

म्हणजे जत्रा मोल करते ते आकारमानाचं. हलक्या वजनाचा पैलवान कितीही चपळ असो, त्याची जोड लागते ती दुपारच्या उन्हात. महाराष्ट्र केसरीची गदासुद्धा वरच्या वजनातल्यांचीच. सत्तावन्न किलोच्या पोरानं कुणाकडं बघायचं?

खाशाबांकडं. हेलसिंकीतला त्यांचा गट बँटमवेटचा, म्हणजे 57 किलोंचा. 2018 मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत पाटोद्याच्या राहुल आवारेनं सुवर्ण घेतलं तेही 57 किलोंत. देशाच्या जर्सीचं हे एक वैशिष्ट्य भाषणांत कधी येत नाही: हलक्या गड्यालाही तिथं झेंडा तेवढ्याच उंचीवर चढतो. मात्र त्यासाठी माती सोडावी लागते. मातीवर चितपट होईपर्यंत झुंज, मॅटवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव आणि गुणांचा हिशेब. 1948 साली लंडनला खाशाबा मॅटवर नवखेच होते, तरी सहावे आले. शिवाय ऐन जत्रांच्या हंगामात शिबिर लागलं तर इनामावर पाणी. खुराकाचं दूध-तूप-बदाम तर रोजचंच. सराव सांभाळून जत्रा करणाऱ्या पोराला मी तरी पैशाच्या मागे लागला असं म्हणणार नाही.

आधी देशप्रेम, मग मेहनत, हा क्रम सत्काराच्या व्यासपीठावर शोभतो. नीरेच्या दोन्ही काठांवर मला तो बहुतेक उलटा दिसतो. बारामतीहून नीरा ओलांडली की फलटण तालुका लागतो. तिथल्या सरड्याचा प्रवीण जाधव. आईवडील मजुरीवर, राहायला झोपडी. शाळेतल्या गुरुजींनी त्याला आधी धावायला लावलं, पण पोटालाच पुरेसं नसल्यानं शरीर साथ देईना. मग क्रीडा प्रबोधिनी, तिथं खाण्या-राहण्याची सोय. दहा मीटरवरून रिंगमध्ये चेंडू टाकण्याच्या चाचणीत त्यानं दहाच्या दहा टाकले आणि तिरंदाजी पदरात पडली. पोरानं तिरंदाजी निवडली नव्हती, तिरंदाजीनंच त्याला निवडलं म्हणा ना. सैन्यातली नोकरी 2017 ची. 2019 ला अतनू दास आणि तरुणदीप राय यांच्यासोबत जागतिक स्पर्धेचं सांघिक रौप्य, त्यातून टोकियो ऑलिंपिकचं तिकीट.

टोकियोत त्यानं जागतिक क्रमवारीतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या बझारझापोव्हला 6-0 नं उडवलं. पुढच्याच फेरीत पहिल्या क्रमांकाचा ब्रॅडी एलिसन आला, तिथं 0-6. हार म्हणून ती नोंदली गेली खरी. पण त्या फळ्यावर त्याच्या नावापुढे गाव नव्हतं, तालीम नव्हती, भारत होता, आणि समोर उभा होता जगातला अव्वल तिरंदाज.

सत्तावन्न किलोच्या पोराला आता निदान सरकारी नोकरीचा आधार दिसतो. ऑलिंपिक पदकानंतर तीन वर्षांनी, 1955 मध्ये, खाशाबा पोलिसात उपनिरीक्षक म्हणून लागले. राहुल आवारेला राज्यानं थेट पोलीस उपअधीक्षक केलं. तालमीतली पोरं या दोन पदांतला फरक पदकांच्या रंगापेक्षा जास्त बारकाईनं सांगतात, आणि त्यात गैर काय?

(पुढच्या भागात : माळशिरस तालुक्यातल्या वेळापूरचा रामजी कश्यप आणि 2025 चा खो-खो विश्वचषक.)