कागदपत्रांची नवी पेटी : डिजिलॉकरचे लाभ आणि मर्यादा

शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, जातीचा दाखला, घराचे खरेदीखत ही कागदपत्रे म्हणजे सामान्य कुटुंबाची मोलाची ठेव होय. पत्र्याच्या पेटीत किंवा कपाटाच्या कप्प्यात ती जपून ठेवण्याची रीत आपल्याकडे पूर्वापार चालत आली आहे. परंतु पूर आणि आग या पेटीची गय करीत नाहीत. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर पाण्याखाली गेले, तेव्हा घरोघरच्या सामानाबरोबर कागदपत्रांचाही चिखल झाला. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला लागलेल्या आगीत शासकीय फायलीही भस्मसात झाल्या. चिखलातून घर पुन्हा उभे करता येते. पण हरवलेल्या एका दाखल्यापायी मुलाचा प्रवेश अडला, तर त्याची भरपाई सहजासहजी होत नाही.

या अडचणीवर उपाय म्हणून केंद्र शासनाने ‘डिजिटल इंडिया’ कार्यक्रमांतर्गत १ जुलै २०१५ रोजी डिजिलॉकर ही सेवा नागरिकांसाठी विधिवत सुरू केली. तिच्या वापरासाठी शुल्क आकारले जात नाही. ‘क्लाउड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या साठवणुकीच्या पद्धतीवर ही सेवा आधारलेली आहे. या पद्धतीत माहिती आपल्या घरच्या संगणकावर अथवा मोबाईलवर न राहता दूरच्या माहिती केंद्रातील संगणकांवर राहते आणि इंटरनेटच्या साहाय्याने ती कोठूनही पाहता येते.

पेटीचे दोन कप्पे

डिजिलॉकरचे लाभ-तोटे जोखण्यापूर्वी तिच्यातील दोन कप्प्यांमधला फरक ध्यानात घेणे अगत्याचे आहे. पहिल्या कप्प्यात संबंधित कार्यालयाने ‘निर्गमित’ केलेली कागदपत्रे असतात. उदाहरणार्थ, परिवहन विभागाकडील वाहन चालविण्याचा परवाना किंवा परीक्षा मंडळाकडील गुणपत्रिका. येथे वस्तुतः कागद साठविला जात नाही, तर त्या कार्यालयाच्या नोंदीशी जोडणारा दुवा ठेवला जातो. म्हणजे दाखला थेट मूळ दप्तरातून येतो.

दुसऱ्या कप्प्यात नागरिक स्वतः स्कॅन केलेली किंवा छायाचित्र काढलेली कागदपत्रे ठेवू शकतो. त्यासाठी १ जीबी जागा देण्यात आली असून एका फाइलचा आकार १० एमबीपेक्षा अधिक असता कामा नये.

कायद्याच्या दृष्टीने हे दोन्ही कप्पे समान नाहीत. डिजिटल लॉकरविषयीच्या २०१६ च्या नियमांत फेब्रुवारी २०१७ मध्ये दुरुस्ती करण्यात आली व निर्गमित कागदपत्रांना मूळ कागदपत्रांच्या बरोबरीचे स्थान देण्यात आले. स्वतः चढविलेल्या कागदपत्रास मात्र असा दर्जा नाही. ती केवळ प्रत होय. हा भेद माहीत नसल्यामुळे पुष्कळांचा गैरसमज होतो. खरेदीखताचे छायाचित्र पेटीत ठेवले म्हणजे मूळ खत सांभाळण्याची जबाबदारी संपत नाही.

लाभ

पहिला लाभ सुरक्षिततेचा. घर पाण्यात गेले किंवा मोबाईल चोरीस गेला, तरी दुसऱ्या उपकरणावरून कागदपत्रे पुन्हा मिळविता येतात. दुसरा लाभ श्रम व वेळ यांच्या बचतीचा. साक्षांकित प्रतींसाठी हेलपाटे घालावे लागत नाहीत. डिजिलॉकरमधील वाहन परवाना व नोंदणी प्रमाणपत्र ग्राह्य मानावे, असे केंद्रीय परिवहन मंत्रालयाने २०१८ मध्ये राज्यांना कळविले. विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०२२ मध्ये शिक्षणसंस्थांना डिजिलॉकरमधील पदव्या व गुणपत्रिका स्वीकारण्याची सूचना केली. तिसरा लाभ असा की, दाखला मूळ नोंदीवरून येत असल्याने बनावट कागदपत्रांना आळा बसतो.

मर्यादा

या सोयीला काही मर्यादाही आहेत. पेटीची किल्ली म्हणजे मोबाईलवर येणारा एकवेळचा संकेतांक, अर्थात ओटीपी, आणि सहा आकडी पिन. मोबाईल क्रमांक बदलला आणि आधारमध्ये त्याची नोंद केली नाही, तर स्वतःचीच पेटी उघडणे कठीण होते. उलटपक्षी, ओटीपी आणि पिन दुसऱ्यास सांगणे म्हणजे घराच्या किल्ल्या परक्याच्या हाती देणे होय. दुर्गम वाडीवस्तीवर इंटरनेटचा संपर्क तुटला की पेटी असून नसल्यासारखी होते.

दुसरी अडचण नोंदींची. आधारवरील नाव आणि गुणपत्रिकेवरील नाव जुळत नसेल, तर दाखला मिळताना अडथळा येतो. मूळ दप्तरातच चूक असेल तर ती पेटीतही उतरते व तिची दुरुस्ती संबंधित कार्यालयाकडूनच करून घ्यावी लागते. तसेच जुन्या काळातील अनेक दाखल्यांच्या नोंदी संगणकावर आलेल्या नाहीत. असे दाखले पहिल्या कप्प्यात मिळणार नाहीत.

तिसरा प्रश्न विश्वासार्हतेचा. २०२० मध्ये डिजिलॉकरच्या प्रवेशपद्धतीतील एक दोष संशोधकांनी निदर्शनास आणला व तो दूर करण्यात आला. कोणतेही माहिती केंद्र सर्वस्वी निर्धोक नसते, याची प्रचीती दक्षिण कोरियात आली. सप्टेंबर २०२५ मध्ये डेजॉन येथील शासकीय माहिती केंद्रास आग लागली आणि शासकीय कर्मचाऱ्यांच्या कामकाजाची सुमारे ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली. त्या साठ्याची दुसरी प्रत अन्यत्र ठेवलेली नव्हती.

नागरिकांनी काय करावे?

या सर्व बाबींचा विचार करता डिजिलॉकर ही जुन्या पेटीची जागा घेणारी वस्तू नसून तिच्या जोडीला आलेली दुसरी पेटी आहे, असे म्हणणे योग्य ठरेल. जे दाखले निर्गमित स्वरूपात उपलब्ध आहेत, ते पहिल्या कप्प्यात आणून ठेवावेत. इतर कागदपत्रांच्या प्रती दुसऱ्या कप्प्यात ठेवाव्यात. मात्र त्यांचे मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून घरातील उंच जागी जपावेत. आधारशी जोडलेला मोबाईल क्रमांक चालू आहे याची खात्री करावी. दाखल्यांवरील नावातील तफावत प्रवेशाचा किंवा नोकरीचा अर्ज भरण्याची घाई होण्यापूर्वीच दुरुस्त करून घ्यावी.

ज्यांना मोबाईल हाताळणे जमत नाही, अशा वडीलधाऱ्यांना घरातील शिकलेल्या मुलामुलींनी साहाय्य करावे. पावसाळ्याच्या तोंडावर घर शाकारण्याची घाई असते, त्याच वेळी कागदपत्रांचीही ही तजवीज केली, तर पुराच्या संकटातून सावरताना कुटुंबाला ओळखीच्या पुराव्यासाठी वणवण करावी लागणार नाही.