थंड समुद्रातले उष्ण प्रदेशातले पाहुणे

डिसेंबर महिन्यात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. मगरिबची नमाज झाली की पुढे सोळा तासांची रात्र असते. अशा रात्री अंगावर लोकरीचे थर चढवून, डोक्याला दिवा बांधून लोक किनाऱ्यावर गळ टाकून बसतात. डॉर्सेट परगण्यातला चेसिल बीच त्यासाठी प्रसिद्ध आहे. सुमारे २९ किलोमीटर लांबीचा हा किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा आहे. हिवाळ्यात इथे कॉड आणि व्हायटिंग हे थंड पाण्यातले मासे किनाऱ्याजवळ येतात, म्हणून लोक थंडीचीच वाट पाहतात. गळाला आमिष म्हणून वाळूतले किडे लावतात किंवा माकुल. आपल्याकडे ज्या माकुलाचे सालन होते, ते तिथे माशाला खायला घालतात!

पण गेल्या काही वर्षांत या किनाऱ्यांवरचा जुना हिशेब बिघडला आहे. कॉड दिवसेंदिवस कमी होत चालला आहे आणि ज्यांचे घर भूमध्य समुद्रात किंवा त्याहून दक्षिणेला, असे मासे गळाला लागू लागले आहेत. समुद्रातला हा बदल आपल्या ताटापर्यंत आणि आपल्या कोकणापर्यंत पोचणारा आहे, म्हणून त्याची माहिती घरोघरी असावी असे आम्हाला वाटते.

कोण कोण आले?

पहिला पाहुणा गिल्टहेड ब्रीम. दोन डोळ्यांच्या मधोमध सोनेरी पट्टा असलेला हा मासा तुर्कस्तान आणि इजिप्तमध्ये घरोघरी शिजतो. आता तो कॉर्नवॉल आणि डेव्हनच्या खाड्यांमध्ये गळ टाकणाऱ्यांना मिळतो.

दुसरा ट्रिगरफिश. जाड कातडीचा, चपट्या अंगाचा आणि शिंपले फोडणाऱ्या मजबूत दातांचा. पाठीवरचा काटा तो असा अडकवतो की कपारीतून त्याला ओढून काढणे कठीण. उन्हाळ्याच्या शेवटी हा मासा इंग्लंड आणि वेल्सच्या किनाऱ्यांवर येतो. पाणी गार होऊ लागले की त्याला ते सोसत नाही, आणि हिवाळ्यात मेलेले ट्रिगरफिश किनाऱ्यावर वाहून येतात. म्हणजे उन्हाळ्यात दार उघडले, पण हिवाळ्यात ते अजून पुरते उघडे राहत नाही.

तिसरा ब्लूफिन ट्यूना. याची गोष्ट वेगळी आहे, कारण तो नवखा नाही, परतून आलेला आहे. १९३० च्या दशकात इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचे स्कारबरो हे गाव ट्यूनाच्या शिकारीसाठी नावाजलेले होते. १९३३ साली त्या भागात ८५१ पौंडांचा, म्हणजे सुमारे ३८६ किलोंचा ट्यूना पकडला गेला. पुढे तो दिसेनासा झाला आणि गेल्या दहा-बारा वर्षांत पुन्हा दिसू लागला. त्याच्या परतण्यामागे पाण्याची ऊब, खाद्याची उपलब्धता आणि मासेमारीवरची बंधने अशी अनेक कारणे असू शकतात. प्रत्येक नव्या माशाचा दोष किंवा श्रेय एकट्या तापमानाला देऊ नये, हे यावरून लक्षात येते.

पाणी का आणि किती तापले?

हवा थंड झाली तरी समुद्र लगेच थंड होत नाही. ब्रिटनचा समुद्र सर्वात गार असतो तो फेब्रुवारी-मार्चमध्ये. नैऋत्य किनाऱ्यावर तेव्हा पाणी साधारण ८ ते १० अंशांवर येते. आपल्या कोकणचे पाणी हिवाळ्यातही २५ अंशांच्या आसपास असते, यावरून फरक लक्षात यावा. माशांच्या अंगाचे तापमान बहुधा भोवतालच्या पाण्याइतकेच असते. त्यामुळे वाढ, भूक, अंडी घालणे, सगळे पाण्याच्या उबेवर चालते. प्रवाहाबरोबर उत्तरेला वाहत गेलेली पिल्ले पूर्वी पहिल्याच हिवाळ्यात मरत. हिवाळा सौम्य झाला की त्यातली काही तगतात. उलट कॉडसारख्या माशाची अंडी थंड पाण्यातच नीट वाढतात, त्याला हीच ऊब जाचते.

प्लिमथजवळ समुद्रातल्या एका ठरलेल्या जागी १९०३ पासून पाण्याचे तापमान मोजले जाते. अशा दीर्घ नोंदींमुळेच बदल ओळखता येतो. माणसाने हवेत सोडलेल्या वायूंमुळे पृथ्वीवर जी जादा उष्णता अडकते, तिचा ९० टक्क्यांहून अधिक भाग समुद्र पोटात घेतो. २०२५ च्या वसंत ऋतूत ब्रिटनभोवतीचे पाणी काही ठिकाणी नेहमीपेक्षा ४ अंशांपर्यंत जास्त गरम होते.

ऑक्टोपसचे वर्ष

त्याच वर्षी डेव्हन आणि कॉर्नवॉलच्या किनाऱ्याला ऑक्टोपसचा महापूर आला. खेकडे आणि शेवंड पकडण्यासाठी मच्छीमार समुद्रतळाशी पिंजरे ठेवतात. ऑक्टोपस त्या पिंजऱ्यांत शिरून आतला माल फस्त करू लागले. पिंजरे वर ओढावेत तर आत रिकामी कवचे! काहींनी ऑक्टोपसच विकून चांगले पैसे कमावले, पण खेकड्यांवर ज्यांचे घर चालते त्यांच्या पोटावर पाय आला. शिवाय ऑक्टोपसचे आयुष्य जेमतेम एक-दोन वर्षांचे. तो पुढच्या वर्षी येईलच याचा भरवसा नाही, आणि खाऊन संपवलेले खेकडे भरून यायला वेळ लागतो. असा पूर १८९९ आणि १९५० सालीही आला होता, तोही सौम्य हिवाळ्यांनंतर. पूर्वी अर्ध्या शतकाने आलेला पाहुणा आता वरचेवर येऊ लागला तर काय, ही तिथल्या मच्छीमारांची चिंता आहे.

खावे की नाही?

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या कोकणी कुटुंबांपुढे हा प्रश्न रोजचा आहे. समुद्राची शिकार आपल्यासाठी हलाल आहे, हे कुरआनच्या सूरह माइदामधून स्पष्ट होते. पुढे तपशिलात मात्र मसलकांप्रमाणे फरक आहे. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई आहेत. शाफई मसलकात समुद्रातल्या जिवांना व्यापक परवानगी आहे. हनफी मसलकात फक्त मासा हलाल मानला जातो, म्हणून ऑक्टोपस आणि खेकडा खात नाहीत. गिल्टहेड, ट्रिगरफिश, ट्यूना हे मासेच आहेत, त्यांच्याबद्दल शंका नाही. शाफई सून आणि हनफी सासर अशी घरे आता पुष्कळ आहेत. तिथे एकमेकांच्या ताटाचा आदर राखावा, दस्तरख्वानावर वाद नको.

किनाऱ्यावर वाहून आलेल्या मेलेल्या माशाचे काय? हजरत अबू उबैदा (रजि.) यांच्या नेतृत्वाखालील सहाबांच्या तुकडीला उपासमारीच्या वेळी किनाऱ्यावर एक प्रचंड मासा मिळाला आणि त्यांनी तो कित्येक दिवस खाल्ला, हे हदीसमध्ये आले आहे. तरीही आपोआप मरून पाण्यावर उलटा तरंगणारा मासा हनफी उलेमा वर्ज्य मानतात. आणि मसलक कोणताही असो, किती दिवसांपूर्वी मेला हे ठाऊक नसलेला मासा पोटाला धोक्याचाच. तो घरी आणूच नये.

आपल्या दाराशी

हे सारे दूरच्या देशातले म्हणून सोडून देता येत नाही. तारली हा मूळ मलबार किनाऱ्याचा मासा. १९८० च्या दशकानंतर त्याचा विस्तार पूर्व किनाऱ्यावर आणि उत्तरेला महाराष्ट्र-गुजरातकडे झाल्याचे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी नोंदवले आहे. खुद्द केरळात २०१२ साली चार लाख टनांच्या आसपास तारली मिळाली होती, ती २०२१ साली साडेतीन हजार टनांच्या आत आली. त्यातही पाण्याचे बदल आणि बेसुमार मासेमारी, दोन्हींचा हात असतो. रत्नागिरीच्या दालदी बांधवांसाठी हा पुस्तकातला विषय नाही, चुलीचा विषय आहे.

समुद्र ही अल्लाहची नेमत आहे आणि आपल्याकडे अमानतही. जमिनीवर आणि समुद्रात जो बिघाड होतो तो माणसांच्याच करणीने, हा इशारा सूरह रूममध्ये दिलेला आहे. म्हणून आपल्या हातात आहे तेवढे तरी करू या. बाजारात पिल्ले मासे विकत घेऊ नयेत, मग ती कितीही स्वस्त असोत. ब्रिटनमध्ये ४२ सेंटिमीटरपेक्षा लहान सी-बास ठेवता येत नाही, तसा नियम मनाशी आपणही ठरवू शकतो. पावसाळ्यातली मासेमारी बंदी पाळणाऱ्यांना साथ द्यावी. गरजेपेक्षा जास्त पकडू नये, आणि निव्वळ मौजेसाठी जिवाचा छळ करू नये. घरात वयस्क मच्छीमार असतील तर कोणता मासा कोणत्या महिन्यात यायचा हे त्यांना विचारून मुलांकडून वहीत लिहून घ्यावे. प्लिमथच्या नोंदी शंभर वर्षांनी कामी आल्या. आपल्या घरातली वहीही नातवंडांच्या कामी येईल, इन्शाअल्लाह.