गोल्फचा स्विंग: जोर कुठे लागतो आणि चेंडू वाकडा का जातो

आज आपण ओव्यात बसलोय. इथून जवळच डोंगराच्या कुशीत सिडकोचं खारघर व्हॅलीचं गोल्फचं मैदान आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ते बाहेरूनच पाहिलंय. आत जाऊन काठी फिरवलेले थोडे. पण विटीदांडू खेळलेले सगळेच आहेत, म्हणून आज गोल्फवर बोलायला काही हरकत नाही.

पहिला प्रश्न साधा. चेंडू लांब जातो तो ताकदीनं का? दंड फुगवून मारणाऱ्या तरुणाचा चेंडू दीडशे मीटरवर पडतो आणि साठीतले काका सहज दोनशेच्या जवळ पाठवतात, हे कसं?

पोतराजाचा आसूड आठवा. तो हात जोरात पुढे आणतो आणि शेवटी जवळजवळ थांबवतो. हात थांबतो तेव्हा टोक सुसाटतं. गोल्फचा स्विंगही असाच दोन लोलकांचा बनलेला असतो. पहिला लोलक खांद्यापासून मनगटापर्यंत, म्हणजे आपले हात. दुसरा मनगटापासून खाली, म्हणजे क्लब. मनगट ही मधली बिजागरी. १९६८ साली कॉक्रन आणि स्टॉब्स यांनी गोल्फवरच्या आपल्या पुस्तकात हेच प्रारूप मांडलं आणि पुढचा बराचसा अभ्यास त्यावरच उभा राहिला.

खाली येताना मनगट वाकलेलंच ठेवायचं, क्लब अंगाजवळ. अंगाजवळ असला की फिरवायला हलका जातो. लांब बांबू मधे धरून फिरवा आणि मग टोकाला धरून फिरवा, फरक लगेच कळेल. हातांना वेग आला की मनगट सुटतं, खरं तर क्लबच ते ओढून सोडवतो. त्या क्षणी क्लब बाहेर फेकला जातो आणि हातांचा वेग कमी होतो. हातांकडे जे होतं ते क्लबच्या डोक्याकडे गेलं. नवशिक्या काय करतो? वरूनच मनगट उघडतो. सगळी मेहनत लवकर खर्च होते आणि चेंडूपर्यंत पोचताना क्लब मंदावलेला असतो. काकांचं रहस्य एवढंच, ते घाई करत नाहीत.

इथे एक गैरसमज काढून टाकू. 'क्लब बाहेर जातो म्हणजे बाहेर ढकलणारं बल आहे' असं आपण म्हणतो. गोफणीचा दगड सुटला की बोटापासून सरळ बाहेर उडत नाही, तो वर्तुळाच्या स्पर्शरेषेत जातो. दोरी त्याला आत ओढत होती, ते ओढणं थांबलं, इतकंच. क्लबचं डोकं साधारण २०० ग्रॅमचं. सेकंदाला ४५ मीटर वेगाने आणि दीड मीटर त्रिज्येने ते फिरत असेल तर त्याला आत ओढून धरायला २७० न्यूटन, म्हणजे सत्तावीसेक किलो वजनाएवढं बल लागतं. पाठ, कंबर, पाय, सगळ्यांना ते सांभाळायचं असतं. गोल्फ खेळणाऱ्यांची कंबर दुखते ती उगाच नाही.

आता धडक. चेंडू जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा. क्लब आणि चेंडूची गाठ सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकीच पडते. तेवढ्या वेळात क्लब दोनेक सेंटीमीटर पुढे सरकतो. मेंदूपर्यंत खबर पोचायच्या आत चेंडू गेलेला असतो. म्हणजे धडकेच्या क्षणी 'जरा वळवू' असं काही करता येत नाही. क्लबच्या ४५ मीटरला चेंडूचे सुमारे ६६ मीटर मिळतात, दीडपटीला थोडं कमी. सरासरी बल सहाशे किलोच्या आसपास. ऐकायला भीतीदायक आहे, पण क्षणभराचंच.

भूमिती इथून सुरू होते आणि खेळणाऱ्याचा खरा त्रास इथेच आहे. उजव्या हाताच्या नवशिक्याचा चेंडू उजवीकडे वळतो. त्याला स्लाइस म्हणतात. तो काय करतो? डावीकडे तोंड करून मारतो. चेंडू आणखी वळतो. मग आणखी डावीकडे.

का ते बघू. क्लबचा वेग दोन भागांत तोडा: एक क्लबच्या चेहऱ्याला लंब, दुसरा चेहऱ्याला समांतर. लंब भाग चेंडूला जवळपास दीडपट होऊन मिळतो. समांतर भाग फक्त घर्षणाने पोचतो आणि त्यातला फार तर पाव हिस्सा मिळतो, उरलेल्याचं फिरणं होतं. म्हणून चेंडू क्लब ज्या वाटेने आला त्या वाटेने सुटत नाही, चेहरा बघतो त्याच्या जवळून सुटतो. चेहरा सरळ झेंड्याकडे आणि वाट दहा अंश डावीकडे असेल तर चेंडू जेमतेम दोन अंश डावीकडे निघतो, आणि पुढे उजवीकडे वळतो. वर्षानुवर्षं उलट शिकवलं गेलं, 'चेंडू वाटेने सुटतो आणि चेहऱ्याकडे वळतो.' रडारने चेंडू मोजायला लागल्यावर ते शिकवणं मागे पडलं.

वळण येतं ते चेहरा आणि वाट यांच्यातल्या फरकातून. त्याने चेंडूच्या फिरकीचा आस कलतो आणि हवेचं उचलणारं बलही त्या बाजूला कलतं. नवशिक्या डावीकडे झुकून मारतो, चेहरा मात्र झेंड्याकडेच धरतो. फरक वाढला, वळण वाढलं. उपाय उलटा आहे. आधी चेहरा वाटेशी जुळवा, मग वाट आतून बाहेर आणा. आणि हे चुकणं किती महाग आहे? दोनशे मीटरवर एक अंश म्हणजे साडेतीन मीटर. वळण त्यात धरलेलंच नाही.

फिरकीची गोष्ट एडिनबरोच्या पी. जी. टेट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हिशेबाने मांडली. त्यांचा मुलगा फ्रेडी स्वतः ब्रिटिश अमॅच्युअर विजेता, १८९६ आणि १८९८ मध्ये. घरात असा खेळाडू असेल तर वडील गप्प कसे बसतील! १९१० मध्ये जे. जे. थॉमसन यांनी, म्हणजे इलेक्ट्रॉन शोधणाऱ्यांनी, रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये गोल्फच्या चेंडूवर व्याख्यानच दिलं. चेंडूवरचे खळगेही याच हवेसाठी असतात. खळग्यांमुळे हवा पृष्ठभागाला जास्त वेळ चिकटून राहते, मागची पोकळी अरुंद होते, आणि विरोध साधारण निम्म्यावर येतो. गुळगुळीत चेंडू एवढा दूर जातच नाही.

मागून एक प्रश्न आला: 'पावसाळ्यात इथली हवा जड होते, म्हणून चेंडू कमी जातो का?' हवा जड होत नाही, हलकी होते. पाण्याच्या वाफेचा रेणू १८ वजनाचा, कोरड्या हवेचा सरासरी २९. दमट हवेत विरोध किंचित कमीच. पावसात चेंडू कमी जातो त्याची कारणं वेगळी: भिजलेल्या चेहऱ्यावर घर्षण घसरतं आणि फिरकी बिघडते, मऊ जमिनीवर चेंडू पडला की पुढे धावत नाही, आणि आपण छत्री सांभाळत अर्धवट स्विंग करतो, हेही आहेच.