मरायला टेकलेले ऑर्किड वाचवताना आधी मुळे पाहा

नर्सरीतून फुलांनी भरलेले फॅलेनॉप्सिस आणले, फुले गळाली आणि काही महिन्यांत पाने सुरकुतून लोंबू लागली, ही नेहमीची तक्रार आहे. पाने मलूल दिसली की आपण पाणी वाढवतो. बहुतेक रोपे तिथेच जातात. मुळे कुजल्यामुळे पानांना पाणी पोचत नसते, आणि वाढवलेल्या पाण्याने उरलेली मुळेही कुजतात.

हे पीक मातीतले नाही. आपल्या सह्याद्रीत झाडाच्या फांदीवर वाढणारी सीतेची वेणी आठवा. पावसात भिजते आणि वाऱ्याने लगेच सुकते. ऑर्किडच्या मुळांवर स्पंजासारखे आवरण असते. ते कोरडे असताना चंदेरी व ओले झाल्यावर हिरवे दिसते. मुळे चंदेरी दिसल्यावरच पाणी द्यायचे.

रोप कुंडीतून काढून मुळे वाहत्या पाण्याखाली धुवा. दाबून घट्ट लागणारे मूळ जिवंत, मग रंग कोणताही असो. पोकळ, तपकिरी, साल निसटून आत दोरा राहणारे मूळ मेलेले. ते कात्रीने कापा. प्रत्येक रोपाआधी कात्री ज्योतीवर तापवून घ्या, कारण सिंबिडियम मोझॅक विषाणू हत्यारातूनही पसरतो. कापलेल्या टोकांना दालचिनीची पूड लावा. ती बुरशी रोखते, पण जखम सुकवतेही, म्हणून चांगल्या मुळांवर पडू देऊ नका. फुलांचा दांडा शिल्लक असेल तर तोही काढा.

रोप एक दिवस सावलीत सुकू द्या. मग नारळाच्या सोडणाचे तुकडे, लाकडी कोळसा आणि विटांचे खडे यांत, भरपूर छिद्रे असलेल्या कुंडीत लावा. सोडणात क्षार असतात. आधी दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवा. माती किंवा शेणखत अजिबात नको.

मुळेच उरली नसतील तर रोपावर सैल पॉलिथिन पिशवी घाला, तळाशी ओलसर काथ्या ठेवा, पण तो बुडख्याला टेकू देऊ नका. पिशवी रोज थोडा वेळ उघडा आणि उन्हात ठेवू नका, आत रोप अक्षरशः शिजते. नवे मूळ यायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात.

दूध, चहा, केळीच्या सालीचे पाणी हे उपाय फार सांगितले जातात. मूळच नसलेले रोप ते खाणार कशाने? उलट त्यावर बुरशी वाढते. जीवामृत शेतात वापरा, इथे त्याचा गाळ मुळांची हवा अडवतो. नवे मूळ बोटभर झाल्यावर एक लिटर पाण्यात 50 मिलि गाळलेले व्हर्मिवॉश पंधरा दिवसांनी पुरे. पाणी सकाळीच द्या. पानांच्या बेचक्यात साचलेले पाणी कापसाने टिपा.

फॅलेनॉप्सिसचा मधला कोंब काळा पडून हाताने निसटला, तर ते खोड पुढे वाढत नाही. बुडखा घट्ट असेल तर बाजूने फुटवा येण्याची थोडी आशा असते. डेंड्रोबियमचे तसे नाही. त्याच्या पाने गळलेल्या कांड्या मेल्या समजून कापू नका. त्यांत पाणी आणि अन्न साठलेले असते, आणि पेरावर पिल्लू रोपही फुटते. त्याला बोटभर लांबीची तीन-चार मुळे आली की वेगळे करून लावता येते.