विळीचा काय दोष?

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा नियम अधिक. कात्री रिकामी वाजवू नये, भांडण होते. सुरी हातात देऊ नये, खाली ठेवावी. विळी उभी ठेवू नये, पाडून ठेवावी. शेवटचे दोन मला पटतात. रांगत्या पोराला धार कळत नाही. अपशकुनाची भीती घातली की मोठी माणसे विळी पाडून ठेवतात. कात्रीचे मात्र मला अजून कोडेच आहे.

ग्रहणातला नियम वेगळा. गर्भार बाईने त्या वेळी काही चिरले तर मुलाचा ओठ फाटतो, म्हणे. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होते आणि वहिनीला सातवा महिना. दुपारी वेध लागताच आजीने विळी माळ्यावर टाकली. मी हसलो. आजी हसली नाही. माझ्या आत्याचा ओठ जन्मतः दुभंगलेला. ती पोटात सात महिन्यांची असताना आपण ग्रहणात भेंडी चिरली, हे आजी पन्नास वर्षे मनात धरून आहे.

मी ग्रंथालयात शोधले. गर्भाचा वरचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, म्हणजे दुसरा महिना सरण्याच्या आत. तो जुळायचा राहिला की दुभंगलेला दिसतो. त्यामागे कधी आनुवंशिकता असते, कधी काही औषधे. पुष्कळदा नेमके कारण सापडतही नाही. चंद्रावर पडलेल्या पृथ्वीच्या सावलीचा त्याच्याशी संबंध नाही.

हे मी आजीला सांगितले. ती बोटांवर महिने मोजत राहिली.

“म्हणजे मी भेंडी चिरली तेव्हा तो फाटलेलाच होता?”

“होय, आजी.”