बंद दाराआडची सभा आणि ठरावाची नक्कल

वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी आणि सिंदी (रेल्वे) या वर्धा जिल्ह्यातल्या सहा नगर परिषदांचा कारभार 1965 च्या नगर परिषद अधिनियमाने चालतो. सर्वसाधारण सभा लोकांना खुली असते. एखादी चौकशी किंवा चर्चा खासगीत घेणे हा अपवाद. नागपूर, अमरावतीसारख्या महानगरपालिकांत त्यासाठी हजर नगरसेवकांच्या बहुमताचा ठराव लागतो.

खुल्या सभेतही नागरिकाने फक्त ऐकायचे असते. सेवाग्रामच्या ग्रामसभेत मतदार उठून विचारू शकतो, पालिकेत मात्र बोलतो तो नगरसेवक. त्यामुळे विषयपत्रिका निघताच आपला प्रश्न त्याच्या हाती पडायला हवा.

आता दार खरोखरच बंद झाले असे धरू. कर्मचाऱ्याची चौकशी असेल, कोर्टातल्या दाव्यावर वकिलाचा सल्ला असेल, तर गुप्तता रास्तच आहे. पण झाकायची ती चर्चा. निर्णयाला ठराव क्रमांक लागतो, सूचक-अनुमोदक लागतात. तो इतिवृत्तात येतो आणि पुढच्या सभेत ते इतिवृत्त कायम केले जाते.

मला जास्त काळजी वाटते ती दार उघडे असताना होणाऱ्या लपवाछपवीची. विषयपत्रिकेच्या तळाशी ‘ऐनवेळी येणारे विषय’ असतात. तिथे आलेला विषय कोणी आधी वाचलेला नसतो, आणि सभा उठायच्या घाईत तो मंजूर होऊन जातो. प्रशासकांच्या काळात तर सभाच उरली नव्हती. 2022 च्या आसपास सभागृहांच्या मुदती संपल्या, आणि डिसेंबर 2025 च्या निवडणुकांपर्यंत राज्यातल्या बहुतेक नगर परिषदांत सभागृहाचे अधिकार एका अधिकाऱ्याच्या दालनात होते. ना विरोधी बाक, ना ऐकणारे लोक. त्या वर्षांचे प्रशासक ठराव आजही दप्तरात आहेत. नव्या नगरसेवकांनी आणि आपणही ते मागून वाचले पाहिजेत.

मागायचे कसे? माहिती अधिकार अधिनियम, 2005 चे कलम 4 सांगते की सभा लोकांना खुल्या आहेत का, त्यांची इतिवृत्ते पाहायला मिळतात का, हे कार्यालयाने आपणहून जाहीर करावे. ते मिळाले नाही, तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून नगर परिषदेच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. सभेची तारीख लिहावी. इतिवृत्त, ठरावाची प्रमाणित प्रत आणि त्यावरची कार्यालयीन टिपणी मागावी. उत्तराला 30 दिवसांची मुदत असते. ‘गोपनीय’ एवढ्या एका शब्दावर परत फिरू नये: कलम 10 प्रमाणे गोपनीय भाग वगळून उरलेला कागद द्यावाच लागतो.

ठराव बेकायदेशीर वाटला, तर 1965 च्या अधिनियमातील कलम 308 खाली त्याची अंमलबजावणी स्थगित करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. तक्रारीत ठराव क्रमांक आणि तारीख हवी, सोबत नक्कल जोडावी, आणि तक्रार कार्यादेश निघण्याआधी पोचवावी.